सायलेन्सरची नोंद, बंदूक मोकाट

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीचा सायलेन्सर घेताना भरावा लागणारा २०० डॉलरचा संघीय कर शून्य झाला. १९३४ पासून हा आकडा एका डॉलरनेही हलला नव्हता. नोंदणी कायम आहे, बोटांचे ठसे कायम आहेत, छायाचित्र आणि संघीय यंत्रणेची मंजुरीही कायम आहे. फक्त पैसे भरायचे नाहीत. एवढ्याशा बदलावरून जो गदारोळ माजला, तो ऐकताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत आहेत असं वाटतं. एका बाजूला सायलेन्सर म्हणजे चित्रपटात दिसतो तसा ‘फुस्स’ आवाज करून माणूस संपवणारा मारेकऱ्याचा साथीदार. दुसऱ्या बाजूला तो कानात घालायच्या बोळ्यांचा थोरला भाऊ, आरोग्याचं निरुपद्रवी साधन. अशी कोणतीच वस्तू अस्तित्वात नाही.

माझी भूमिका आधीच सांगतो. सायलेन्सरवर बंदी घालायची गरज नाही आणि त्यावरचा कर गेला हे योग्यच झालं. पण ज्या देशात साधी बंदूक घ्यायला संघीय परवाना लागत नाही, त्या देशात सायलेन्सरची नोंदणीही उठवणं चूक ठरेल. सायलेन्सर मोकळा करायचा असेल तर आधी बंदूक हाती धरणाऱ्या माणसाची नीट पारख व्हायला हवी. युरोपातल्या ज्या देशांचे दाखले या वादात उठसूट दिले जातात, त्यांनी हाच क्रम पाळला आहे. दाखले देणारे नेमका तोच गाळतात.

आधी ही वस्तू काय करते ते पाहू. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून जळत्या दारूचा प्रचंड दाबाचा वायू नळीच्या तोंडातून एकदम बाहेर फुटतो. कानठळ्या बसवणारा स्फोट तो हाच. सायलेन्सर म्हणजे नळीच्या तोंडाला लावलेला पोकळ दंडगोल. त्यातल्या पडद्यांच्या रांगेत हा वायू अडतो, फिरतो, थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. यामुळे आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरतो. एआर-१५ जातीच्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. सायलेन्सर लावून तो १३० ते १३५ च्या आसपास येतो. ही पातळीसुद्धा रुग्णवाहिकेच्या भोंग्यापेक्षा वरची आहे. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या वर, जात असेल तर हवा फाडताना ती स्वतःच चाबकासारखा कडाका काढते. नळीच्या टोकाला काहीही लावा, तो कडाका थांबत नाही. सायलेन्सरने बंदूक मुकी होते असं म्हणणाऱ्याने रायफलीजवळ उभं राहून हे एकदा ऐकायला हवं.

पण याच माहितीचा दुसरा अर्धा भाग सायलेन्सरचे समर्थक सांगत नाहीत. सगळ्याच गोळ्या ध्वनीहून वेगवान नसतात. पॉइंट ४५ पिस्तुलाची नेहमीची गोळी मुळातच ध्वनीपेक्षा हळू जाते. तिथे कडाका नसतो, फक्त नळीतला स्फोट असतो आणि तोच सायलेन्सर दाबतो. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरातल्या पालिकेच्या इमारतीत एका कर्मचाऱ्याने १२ जणांना मारलं. त्याच्याकडे पॉइंट ४५ पिस्तूल होतं, त्यावर सायलेन्सर होता आणि दोन्ही कायदेशीर मार्गाने घेतलेले होते. आवाज झाला तेव्हा ही बंदूक आहे हे आपल्याला लगेच उमगलं नाही, असं वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. त्या इमारतीत सायलेन्सरमुळे किती जीव जास्त गेले, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण माणूस पळायला लागतो तो आवाज ओळखून, आणि ओळखायला लागलेले चार-पाच सेकंद म्हणजे काय, हे बंद खोलीत अडकलेल्या माणसाला विचारायला हवं. ‘कडाका तर राहतोच’ असं म्हणून ही गोष्ट झटकणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

अप्रामाणिकपणा विरोधकांकडेही आहे. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीत महोत्सवातल्या गर्दीवर गोळ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्याच दिवशी हिलरी क्लिंटन यांनी लिहिलं की लोक आवाज ऐकून पळाले. मारेकऱ्याकडे सायलेन्सर असता तर किती बळी गेले असते याची कल्पना करा. शब्द काळजाला भिडणारे होते, पण रायफलीच्या बाबतीत ते टिकत नाहीत. तिथल्या गोळ्या ध्वनीहून वेगवान होत्या, कडाके ऐकू आलेच असते. आवाज कुठून येतो हे ओळखणं कदाचित आणखी अवघड झालं असतं, एवढं खरं. पण ‘लोकांना कळलंच नसतं’ हे खरं नाही. चुकीच्या दाखल्यावर उभी केलेली भीती पहिल्याच जाणत्या माणसापुढे कोसळते आणि तिच्यासोबत बरोबर असलेले मुद्देही कोसळतात. बंदूक नियंत्रणाची बाजू अमेरिकेत वारंवार हरते, त्याचं एक कारण मला हेही वाटतं: जिला विरोध करायचा ती वस्तू समजून घेण्याचा कंटाळा.

कायद्याचा इतिहास पाहिला तर गोंधळ आणखी गडद होतो. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याला १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट मिळालं. मशीनगनचा जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा त्याचा बाप. बापाने बंदुकीला अखंड तोंड दिलं, मुलाने ते दाबायचा उपाय शोधला. मुलाने हेच तत्त्व मोटारींच्या इंजिनांनाही लावलं. एकाच डोक्यातून निघालेल्या, वायूचा स्फोट अडवून आवाज मारणाऱ्या या दोन नळकांड्यांचं पुढे काय झालं पाहा: मोटारीवर ते नसेल तर दंड, बंदुकीवर विनानोंद असेल तर १० वर्षांपर्यंत कैद. सायलेन्सरचे समर्थक हे उदाहरण फार आवडीने देतात आणि ते चमकदार आहे, हे मान्य. पण मोटारीला चालकाचा परवाना असतो, वाहनाची नोंदणी असते, पाठीमागे क्रमांकाची पाटी असते. ती सगळी चौकट बंदुकीला लावायची तयारी असेल तर मी हे उदाहरण आनंदाने स्वीकारतो. तयारी आहे का?

१९३४ चा राष्ट्रीय अग्निशस्त्र कायदा दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांतून जन्मला. १९२९ मध्ये शिकागोत व्हॅलेंटाइन दिनाला सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं, तेव्हापासून टॉमी गन, म्हणजे हातात धरून चालवायची छोटी मशीनगन, हे देशाचं दुःस्वप्न झालं होतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे महान्यायवादी होमर कमिंग्ज यांच्या मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती आणि तोच त्याचा गाभा होता. कारण खून तेव्हाही मुख्यतः खिशात मावणाऱ्या शस्त्रांनी होत. नळी कापून रायफल किंवा शॉटगन आखूड करायची नाही, हे कलम अशासाठी की कुणी पिस्तुलावरचा निर्बंध चुकवू नये. विरोध झाला, पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली. आखूड नळ्यांचं कलम मात्र तसंच राहिलं. दार चौकटीसकट काढून नेलं आणि कडी भिंतीवर ठोकून ठेवली. सायलेन्सर या यादीत कसा शिरला? मंदीच्या काळात भुकेले लोक चोरून शिकार करतील म्हणून, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. पण सुनावणीच्या नोंदींत सायलेन्सरवर चर्चा जवळपास नाहीच. काही डॉलरांना मिळणाऱ्या वस्तूवर २०० डॉलरचा कर बसला. कराच्या नावाखाली ती बंदीच होती.

म्हणून कर गेल्याचं मला वाईट वाटत नाही. १९३४ मध्ये २०० डॉलर म्हणजे फक्त श्रीमंताला परवडणारी चैन. पुढे महागाईने त्याची धार आपोआप बोथट होत गेली. ज्या कायद्याची कडक बाजू ९० वर्षांत केवळ चलनवाढीने विरघळली, त्याची रचना विचारपूर्वक झाली होती असं कसं म्हणायचं? आणि पैसे असलेल्याला मोकळीक, नसलेल्याला मनाई, हे सुरक्षेचं तत्त्व असूच शकत नाही.

आता समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, कानांचा. तो खरोखर भक्कम आहे. १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कायमची इजा करू शकतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. अमेरिकी माजी सैनिकांना ज्या इजांपोटी सर्वाधिक भरपाई मिळते, त्यांत कानात सतत होणारी गुणगुण आणि बहिरेपण अगदी वर आहेत. डेसिबलचं माप गुणाकाराने वाढतं: ३० डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा हजार पटीने कमी. शिकारी कानावर आवरणं घालत नाहीत, कारण त्यांना पाल्याची सळसळ ऐकायची असते. त्यांच्या कुत्र्यांना तर आवरणं घालणार कोण? नेमबाजीच्या मैदानाशेजारी राहणाऱ्यांचा दोष काय? अमेरिकेच्या मरीन दलाने आपल्या पायदळाच्या रायफलींना सायलेन्सर देण्याचा निर्णय घेतला तो गुप्त हत्यांसाठी नव्हे. धुमश्चक्रीत सैनिकाला शेजाऱ्याचा हुकूम ऐकू यावा आणि निवृत्तीनंतर नातवंडांचं बोलणंही ऐकू यावं, असे साधे हेतू त्यामागे आहेत. हे सगळं मला पटतं. सायलेन्सर लावून आणि कानावर आवरण घालून नेम धरणारा माणूस शहाणा आहे.

पण यातून नोंदणी नको हे कसं सिद्ध होतं? नोंदणी केलेला सायलेन्सर कानाला कमी उपयोगी पडतो का? मंजुरीसाठी वर्षभर थांबावं लागे तेव्हा या तक्रारीत दम होता. आता अर्ज संगणकावरून जातात आणि बऱ्याचदा काही दिवसांत निकाल लागतो. २०१५ मध्ये पहिल्यांदा मांडलेल्या विधेयकाला ‘श्रवण संरक्षण कायदा’ असं नाव दिलं होतं. नाव कानांचं, पण मजकूर नोंदणीची सगळी व्यवस्था काढून टाकण्याचा. जून २०१७ मध्ये या तरतुदी असलेल्या विधेयकावर सुनावणी ठरली होती. नेमक्या त्याच सकाळी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या बेसबॉल सरावावर गोळीबार झाला, रिपब्लिकन नेते स्टीव्ह स्कॅलीस गंभीर जखमी झाले आणि सुनावणी रद्द झाली. सप्टेंबरमध्ये विषय पुन्हा वर आला आणि लास व्हेगासने तो गाडला. धोरण योग्य की अयोग्य याचा निर्णय दोन्ही वेळा दिनदर्शिकेने घेतला. बंदुकीच्या प्रश्नावर अमेरिका शांत डोक्याने विचार करते तरी कधी?

दुसरा मुद्दा आकड्यांचा. दारू-तंबाखू-अग्निशस्त्र विभागाच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जानेवारी २०१७ च्या टिपणात लिहिलं की गुन्ह्यांत सायलेन्सर फार क्वचित सापडतो. तेव्हा नोंदलेले सायलेन्सर सुमारे १३ लाख होते. नंतर ती संख्या कैक पटींनी वाढली, तरीही कायदेशीर सायलेन्सरने होणाऱ्या गुन्ह्यांची लाट आलेली नाही. हे खरं आहे आणि भीती पसरवणाऱ्यांनी ते गिळायला हवं. पण गुन्हे कमी आहेत ते सायलेन्सर निरुपद्रवी आहे म्हणून, की तो घेणाऱ्याला आपले ठसे सरकारला द्यावे लागतात म्हणून? नोंदलेल्या मशीनगनने होणारे गुन्हेही जवळजवळ शून्य आहेत. म्हणून मशीनगन दुकानाच्या फळीवर ठेवा, असं फारसं कुणी म्हणत नाही. गावात पूर येत नाही म्हणून बांध फोडायचा नसतो. इथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करतो: सगळं श्रेय नोंदणीचं नाही. सायलेन्सरने पिस्तूल लांब होतं, खिशात लपत नाही, आणि रागाच्या भरात होणाऱ्या खुनात आवाजाची फिकीर कुणाला असते? पण थंड डोक्याने आखलेल्या खुनात ती असते. ४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाला भर रस्त्यात मारलं गेलं, तेव्हा बंदुकीला सायलेन्सर होता. पुढे जप्त झालेली बंदूक आणि सायलेन्सर त्रिमितीय मुद्रणाने घरीच बनवल्यासारखे दिसतात, असं पोलिसांनी सांगितलं. यावर दोन्ही बाजूंनी लगेच आपापले निष्कर्ष काढले. घरी बनतोच तर नोंदणी कशाला, हा त्यातला एक. त्याच न्यायाने खोट्या नोटा छापता येतात म्हणून टांकसाळीचा पहारा उठवायचा का? घरच्या सायलेन्सरला कायदा थांबवू शकत नाही, पण विनानोंद सायलेन्सर बाळगणं हाच गुन्हा असल्यामुळे तो सापडताच पोलिसाला हात घालता येतो. नोंदणी गेली की सापडलेला सायलेन्सर म्हणजे नुसतं नळकांडं.

आता मी ज्यावर सर्वांत जास्त जोर देतो तो मुद्दा, युरोप आणि न्यूझीलंडचा. नॉर्वेत सायलेन्सर मोकळेपणाने मिळतो. फिनलंडमध्ये तो शिकाऱ्याच्या सामानातला नेहमीचा भाग आहे. न्यूझीलंडमध्ये त्याला वेगळा परवाना लागत नाही. ‘बंदुकीबाबत इतके कडक देश सायलेन्सरला घाबरत नाहीत, मग अमेरिकेनेच का घाबरावं?’ असं विचारलं जातं. उत्तर प्रश्नातच दडलेलं आहे: ते देश बंदुकीबाबत कडक आहेत म्हणूनच. नॉर्वेत शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, प्रत्येक बंदुकीसाठी पोलिसांची परवानगी लागते, ती कुलुपात ठेवावी लागते. फिनलंडमध्येही परवाना पोलीस देतात. न्यूझीलंडमध्ये आधी माणसाला परवाना लागतो. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चमध्ये ५१ जण मारले गेल्यावर तिथे कायदा आणखी आवळला गेला आणि २०२३ पासून बंदुकांची नोंदवहीही सुरू झाली. ब्रिटनमध्ये पोलीस अर्जदाराच्या घरी जाऊन कपाट पाहतात. राज्य माणसाला ओळखतं, त्याची बंदूक ओळखतं. मग त्या बंदुकीच्या टोकाला काय लावलंय याची चिंता त्याला कशाला?

अमेरिकेत संघीय पातळीवर हे अगदी उलटं आहे. रायफल दुकानातून घेतली तर काही मिनिटांची तपासणी. त्याच राज्यातल्या ओळखीच्या माणसाकडून घेतली तर संघीय कायद्याने तीही नाही. साध्या बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला १९८६ च्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे गोळी झाडणाऱ्या वस्तूची नोंद ठेवायची नाही आणि आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याची मात्र ठेवायची! हा विचित्रपणा समर्थक बरोबर दाखवतात. फक्त त्यावरचा उपाय ते उलट्या टोकाने सुचवतात. घराची भिंत पडली आणि खिडकीची जाळी तेवढी शिल्लक राहिली, तर जाळी हास्यास्पद दिसते, हे खरं. पण म्हणून जाळीही काढायची, की भिंत बांधायची?

कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स यांच्यासह आठ राज्यांत सायलेन्सरवर सरसकट बंदी आहे. मला तीही पटत नाही. यातल्या इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्समध्ये बंदूक बाळगायला राज्याचं ओळखपत्र किंवा परवाना लागतो. म्हणजे नॉर्वेच्या रचनेच्या सर्वांत जवळची हीच राज्यं; इथे तपासून घेतलेल्या माणसाला सायलेन्सर नाकारण्यात काय साधतं? त्याचे कान तेवढे जातात. बंदूक नियंत्रण मागणाऱ्यांना खरी अदलाबदल करायची असेल तर ती इथून सुरू व्हावी: आमच्याकडे परवाना आहे, म्हणून आम्ही सायलेन्सर मोकळा करतो, तुम्ही परवाना आणा, तुमच्याकडेही करू.

हे लवकर ठरायला हवं, कारण कायद्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे. १९३४ चा कायदा काँग्रेसच्या कर लावण्याच्या अधिकारावर उभा आहे. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला विक्रेत्यांवरचा कर त्याच आधारावर टिकवला. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या अर्थविषयक कायद्यातून सायलेन्सरला १९३४ च्या यादीबाहेर काढायचा बेत होता, पण अशा विधेयकात अर्थसंकल्पी स्वरूपाचेच बदल चालतात आणि हा तसा नाही, असं सिनेटच्या नियमाधिकाऱ्यांनी सांगितलं. म्हणून कर शून्य करून नोंदणी मागे ठेवली गेली. मग कर गोळा करण्यासाठी ठेवलेली नोंदणी कर नसताना कशाच्या बळावर, असा सवाल करत लगेच खटले दाखल झाले. हे नाटक अमेरिकेने एकदा पाहिलं आहे. विमा न घेणाऱ्याला दंड करणारी आरोग्य विम्याची सक्ती २०१२ मध्ये ‘कर’ म्हणून न्यायालयात टिकली, २०१७ मध्ये तो कर शून्यावर आणला गेला, आणि शून्य कर हा कर असतो का हा प्रश्न २०२१ मध्ये न्यायालयाने टाळला. खटला भरणाऱ्यांना दाद मागण्याचा हक्कच नाही, असं म्हणून. इथे ती पळवाट अवघड जाईल. सायलेन्सर विनानोंद ठेवला तर तुरुंग आहे, त्यामुळे आपल्याला प्रत्यक्ष झळ बसते हे दाखवणं खटला भरणाऱ्यांना कठीण नाही.

न्यायालयाने उद्या नोंदणी मोडीत काढली, तर तिच्या जागी काँग्रेसकडे काहीच नसेल. त्याआधी आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारावर आधारलेला एक छोटा, स्वच्छ कायदा करता येईल: सायलेन्सर घेणाऱ्याची पूर्ण तपासणी, प्रत्येक नगावर क्रमांक, हस्तांतराची नोंद, निर्णयाला ठरलेली मुदत, आणि ज्या राज्यात बंदुकीसाठी परवाना आहे तिथल्या परवानाधारकाला यातल्या कशाचीच गरज नाही. २०० डॉलर नकोत, वर्षभराची ताटकळ नको. ‘आमचा झगडा फक्त कानांसाठी आहे’ असं जे म्हणतात, त्यांना या मसुद्यात कानांचं काहीही कमी पडत नाही. त्यांच्यातले किती जण त्याच्या बाजूने मत देतात, ते मला पाहायचं आहे.